येताना सव्वातीन तास, जाताना सव्वा

पेत्रोलोफो, ११ सप्टेंबर १९८८

लेमोनिये,

अक्षर बघून हसू नकोस. मी दोन इयत्ता शिकले, तिसरीत जायच्या आत बापानं हातात शेळ्यांची काठी दिली. फोन केला असता, पण गावात फोन एकच, तोही थोमासच्या कॉफीच्या दुकानात. मी फोन उचलला की पत्ते कुटणारे सगळे मेले पत्ते पालथे ठेवून माझं बोलणं ऐकत बसतात. म्हणून पत्र. आणि ते तुझ्या बापाला न लिहिता तुला लिहिते, कारण तो माझं पत्र वाचतो, खिशात ठेवतो आणि पँट धुवायला टाकतो.

तुझ्या आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. आता कबर उघडायची. तू तिकडे जर्मनीत जन्मलीस, तुला हे कुणी सांगितलं नसेल, तेव्हा घाबरू नकोस. हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, चादरीवर उन्हात वाळवायची आणि लाकडी पेटीत घालून चर्चमागच्या अस्थिघरात बाकीच्यांच्या शेजारी ठेवायची. कबरस्तान केवढंसं आहे, मागून येणाऱ्यांना जागा लागते. त्यात मीही आहे.

बाकी हाडं कुणीही काढतं. कवटी मात्र थोरल्या मुलानं उचलायची, कपाळाला ओठ लावायचे आणि मग ती आईच्या हातात द्यायची. मुलगा नसला तर बायको उचलते, आणि गाव ते मरेपर्यंत विसरत नाही. माझ्या नणंदेला अजून म्हणतात, ‘हिनं एकटीनं काढला नवऱ्याला.’ मला ते ऐकायचं नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर धरलाय. अर्गिरिसला सांग, ये. आणि ती मोटार आणू नकोस म्हणावं. युगोस्लाव्हियातून तीन दिवस मोटार हाकतो, आल्यावर दोन दिवस मेल्यासारखा झोपतो. तेवढा वेळ बापाला काय उघड्यावर ठेवायचं? आता म्हणे विमान आहे. तुमचं गाव किती लांब, किती वेळ लागतो, विचारून कळव.

आजी झाफिरो

•

श्टुटगार्ट, १९ सप्टेंबर १९८८

प्रिय आजी,

तुझं पत्र मी जेवताना मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, ‘जेवताना हाडांचं कसलं वाचतेस?’ बाबा नुसता पाव मोडत राहिले. मग म्हणाले, ‘मातीला पोचलो नव्हतो. मी बेलग्रेडला होतो तेव्हाच सगळं आटपलं होतं. आता तरी पोचतो.’ कारखान्यातून तीन दिवसांची रजा काढतायत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शाळेच्या नकाशावर मी पट्टी लावून मोजलं. श्टुटगार्ट ते थेस्सलोनिकी, म्हणजे तुझ्याजवळचा विमानतळ, सरळ रेषेत चौदाशे किलोमीटर आहे. आपल्या मोटारीच्या रस्त्यानं दोन हजार होतात, म्हणजे सहाशे किलोमीटर आपण दरवेळी उगाचच फिरतो! विमान कंपनीला मी स्वतः फोन केला. विमान सकाळी अकराला सुटतं आणि सव्वादोन तास लागतात. म्हणजे सव्वाला बाबा थेस्सलोनिकीला उतरतील. तिथून बस, मग सेरेसहून टॅक्सी, अडीच तास धर. पावणेचार झाले. तू चारची वेळ ठरव. हा सगळा हिशेब माझा आहे. बाबा म्हणाले, ‘आमच्या घरात आता सेक्रेटरी आहे.’

आजी, एक सांगू? तू त्यांना येताक्षणी टोमणे मारू नकोस. ते ज्या दिवशी सोडतो म्हणाले त्या दिवसापासून त्यांनी थेंबभरही दारू घेतलेली नाही. नाताळालासुद्धा नाही.

तुझी लेमोनिया

•

पेत्रोलोफो, २७ सप्टेंबर १९८८

लेमोनिये,

सव्वादोन तास! अगं, मला सेरेसच्या बाजारात जाऊन दोन कोबी घेऊन यायला याहून जास्त लागतात. आणि एवढ्याशा अंतरासाठी हा मुलगा मला दोन-दोन वर्षं तोंड दाखवत नाही.

चार पक्के केले. पाद्रीबाबा स्टाथिस कुरकुरले. शनिवारी पाचला सांजेच्या प्रार्थनेची घंटा असते, त्याच्या आत पेटी आत गेली पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, बाबा, माझा मुलगा विमानानं येतोय, तुमच्या गाढवावरून नाही. थोमासच्या दुकानासमोर उभं राहून म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

आजोबांच्या नावानं उकडून वाटायचा गहू निवडून ठेवलाय. त्यात घालायला डाळिंब शेजारची देणार आहे. पेटीवर नाव रंगवून आणलं, त्यात एक अक्षर वाकडं आलंय, पण तुझे आजोबाही काही सरळ नव्हते.

दारूचं मला शिकवू नकोस. त्याला मी जन्म दिलाय.

आजी

•

पेत्रोलोफो, १२ ऑक्टोबर १९८८

लेमोनिया,

बाप घरी पोचला असेलच. त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही, तेव्हा माझ्याकडूनही ऐक.

तीनला कबर उघडली. साडेतीनला शवपेटीची फळी लागली. चारला सगळी हाडं चादरीवर होती, पिवळीधमक, मेणासारखी. बायका म्हणाल्या, भला माणूस होता, हाडं बघा कशी आली. कवटी तेवढी खाली ठेवली होती, मातीतच, तुझ्या बापासाठी. मी खड्ड्याच्या काठावर उभी. सव्वाचार झाले. साडेचार. थोमास म्हणाला, ‘झाफिरो, ते विमान गाढवापेक्षा हळू दिसतंय.’ बायका रुमालाआड हसल्या. मी फाटकाकडे बघत राहिले.

पावणेपाचला पाद्रीबाबा म्हणाले, आता नाही थांबता यायचं. मग मीच उतरले. या गुडघ्यांनी. दोघांनी काखेत हात घालून उतरवलं. उचलली, पुसली, ओठ लावले. वर बघितलं तर सगळं गाव वाकून बघत होतं.

घंटा झाली. पेटी घेऊन अस्थिघराच्या दाराशी पोचलो आणि पाच वाजून दहा मिनिटांनी तुझा बाप फाटकातून आत आला. हातात बॅग, गळ्यात टाय, घामानं निथळत. म्हणतो, ‘आई, मी सरळ विमानतळावरून येतोय.’

अकराला निघाला. सव्वादोन तास. मला दोनच इयत्ता येतात, पण एवढं मोजता येतं. तासाभराचा हिशेब लागत नव्हता. आणि सेरेसच्या बसथांब्यासमोर काय आहे ते मला माहीत आहे, ऑक्टोबरात तिथं नवी दारू गाळतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चाखायला देतात. मी त्याला म्हटलं, ‘तोंड इकडे कर.’ टाय धरून खाली ओढला आणि सगळ्यांसमोर त्याचं तोंड हुंगलं.

पुढचं लिहीत नाही. लोक समजायचं ते समजले.

म्हटलं, ‘कवटी मी उचलली. तू आता पेटी उचल, हमालीचं काम तिकडे शिकलायसच.’ त्यानं उचलली. आत ठेवली. झाकणाला खिळे मारायचं राहून गेलं, कारण हातोडी थोमासकडे आणि थोमासचं लक्ष सगळं आमच्याकडे. मग तो माझ्या हातचा गहू न खाता त्याच टॅक्सीनं निघून गेला.

तुझ्या हिशेबात खोट नव्हती, लेमोनिये. खोट माणसात आहे.

आजी

•

श्टुटगार्ट, २१ ऑक्टोबर १९८८

आजी,

खोट हिशेबातच होती. तुझं पत्र वाचून मी भूगोलाच्या बाईंकडे गेले. तिथं कळलं.

तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे असतं. इथं अकरा वाजतात तेव्हा तुमच्याकडे बारा वाजलेले असतात. विमानानं सव्वादोन तासच घेतले, पण बाबा उतरले तेव्हा तिथं सव्वादोन वाजले होते, सव्वा नाही. मी फोनवर सुटायची वेळ विचारली आणि किती तास ते विचारलं. पोचल्यावर तिथं किती वाजलेले असतील हे विचारायचं मला सुचलं नाही. आपण कायम मोटारीनं येतो ना! तीन दिवसांत एक तास कुठं गळून पडतो ते कुणाच्याच लक्षात येत नाही. बाबांना विमानात समजलं, हवाईसुंदरीनं घड्याळं पुढे करायला सांगितलं तेव्हा. तिथून त्यांना कळवता येणार होतं थोडंच?

बाबा कुठंही थांबले नव्हते, बॅग हातात यायलाच पंचवीस मिनिटं गेली आणि फोन करत बसले असते तर बस चुकली असती. सेरेसला टॅक्सीवाल्याला म्हणाले, ‘माझा बाप वाट बघतोय.’ हे मला त्यांनी सांगितलं नाही, आईला सांगत होते, मी ऐकलं.

मी त्यांना विचारलं, ‘तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत की लेमोनियाचा हिशेब चुकला?’ ते म्हणाले, ‘पोरीनं एवढ्या हौसेनं पट्टी लावून मोजलं होतं. तिची चूक मी गावासमोर मांडू? माझ्या तोंडाचा वास घेऊन झालाच होता, त्यात अजून काय बिघडणार होतं?’

ते कारखान्यात जातात, येतात, जेवतात. त्या दिवसाचा टाय त्यांनी कपाटात ठेवला नाही, कचऱ्यात टाकला. मी तो काढून माझ्याकडे ठेवलाय. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नाही. तुला तरी काय लिहू?

लेमोनिया

•

पेत्रोलोफो, ३ नोव्हेंबर १९८८

लेमोनिये,

तुझं पत्र आलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, पोर बापाला पाठीशी घालतेय. एक तास म्हणे गळून पडतो! तास म्हणजे काय माझा चष्मा आहे?

म्हणून मी सेरेसला गेले, विमानाची तिकिटं विकतात त्या दुकानात. तिथं लांब नखांची एक पोरगी बसते. तिला म्हटलं, श्टुटगार्टहून यायला किती वेळ लागतो ते कागदावर दाखव, तोंडी नको. तिनं छापील वेळापत्रक पुढे केलं. येताना सुटतं अकराला, पोचतं सव्वादोनला. सव्वातीन तास! जाताना सुटतं सव्वातीनला, पोचतं साडेचारला. सव्वा तास! मी म्हटलं, ‘आता समजलं. विमानसुद्धा तसलंच. आईकडे यायचं तर रेंगाळत येतं, जर्मनीला जायचं तर धावत सुटतं.’ दुकानभर माणसं होती. मी चांगली खणखणीत म्हटलं. तुझ्या बापाला लुबाडलंत, त्याला हळू चालणाऱ्या विमानाचं तिकीट विकलंत, असंही म्हटलं.

पोरगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या दंडाला धरून भिंतीपाशी घेऊन गेली. भिंतीवर दोन घड्याळं. एकाखाली अथेन्स, एकाखाली फ्रँकफुर्ट. एकात अकरा वाजून पाच, एकात दहा वाजून पाच. ‘आज्जी,’ ती म्हणाली, ‘दोन्ही बरोबर आहेत.’

मी तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही. मागचे लोक म्हणायला लागले, म्हातारे, तिकीट घ्यायचंय की वेळ बघायचीय? मी अथेन्सचं घड्याळ बघत होते. माझ्या घरातलंही तेच सांगतं. पंच्याहत्तर वर्षं मला वाटत आलं की माझ्या भिंतीवर वाजतात तेवढेच सगळ्या जगात वाजतात.

आता ते सांगते जे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

मी त्याचं तोंड हुंगलं तेव्हा वास आला तो साबणाचा. आणि थोडा भुकेला, रिकाम्या पोटाचा असतो तसा. दारूचा नव्हता. मला ते तिथल्या तिथं कळलं. आणि मी गप्प राहिले. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, मी ‘नाही’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग मी पाऊण तास खड्ड्याच्या काठावर उभी होते ते कशासाठी? थोमास हसला ते कशासाठी? मला कुणीतरी दोषी हवा होता, आणि तो टाय लावून समोर उभा होता. माझ्या गप्प बसण्याचं त्यांनी काय करायचं ते केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या दुकानात एकच, झाफिरोचा अर्गिरिस बापाच्या हाडांना पिऊन आला.

तासाची चूक तुझी, पोरी. ती पुसून टाक, तू सोळा वर्षांची आहेस आणि तुला मोटारीतून वाढवलं. गप्प बसण्याची चूक माझी. ती पुसायला फडकं नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबा प्रसादाचा पाव वाटत होते. मी रांगेत पुढे गेले आणि पाव न घेता मागे वळले. म्हटलं, ‘ऐका. माझा मुलगा वेळेवर निघाला होता. घड्याळं निराळी असतात, मला माहीत नव्हतं. आणि त्याच्या तोंडाला वास नव्हता.’ मग थोमास मागून म्हणाला, ‘झाफिरो, हे तेव्हा का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं, ‘तू हसत होतास म्हणून, मेल्या.’ पण हे उत्तर नव्हतं. त्यालाही कळलं, मलाही. मग पाव घेतला, हातात धरून घरी आले आणि तो कोंबड्यांना घातला.

बापाला हे वाचून दाखव. खिशात ठेवायला देऊ नकोस.

आजी

•

श्टुटगार्ट, १४ नोव्हेंबर १९८८

आजी,

वाचून दाखवलं. साबणाच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं, मनात. मग बाल्कनीत जाऊन उभे राहिले. इथं बर्फ पडायला लागलाय, स्वेटरही घातला नव्हता. आई म्हणाली, ‘आत या, न्यूमोनिया होईल.’ ते म्हणाले, ‘होऊ दे, मग तरी माझं तोंड डॉक्टर हुंगेल.’ आई हसली, मग रडली. मला वाटतं, तो विनोद होता. त्या दिवसानंतरचा पहिला.

ते पत्र लिहीत नाहीत, तुला माहीत आहे. पण झोपायला जाताना त्यांनी माझ्या वहीतला कागद फाडून काहीतरी लिहिलं आणि पाकिटात घाल म्हणाले. घातलाय. मी वाचलेला नाही. म्हणजे वाचलाय.

लेमोनिया

(सोबतच्या कागदावर)

आई, पेटीला खिळे मारले का?
अर्गिरिस

•

पेत्रोलोफो, २५ नोव्हेंबर १९८८

लेमोनिये,

बापाला सांग, मारलेले नाहीत. त्याचा कागद आला त्याच संध्याकाळी पाद्रीबाबांकडून किल्ली घेऊन बघून आले. झाकण नुसतं ठेवलेलं आहे. कवटी वरच आहे, रुमालात. थोमासची हातोडी मी घरी आणून माझ्या पलंगाखाली ठेवलीय. मागायला आला होता. म्हटलं, मुलगा आल्याशिवाय मिळणार नाही, दातांनी ठोक खिळे.

पण ‘ये’ असं मी आता लिहिणार नाही. एकदा ‘ये’ म्हटलं त्याचं काय केलं ते बघितलंस. या वेळेला मी येते, आणि त्याला घेऊन परत येते.

त्या नखांच्या पोरीकडून तिकीट काढलं. शनिवार, १० डिसेंबर. सव्वातीनला सुटणार, साडेचारला उतरणार. तुमच्या साडेचारला. तिनं तिकिटाच्या मागे दोन घड्याळं काढून दिली आहेत, मी वाटेत दोन्ही बघत येणार. तू मात्र पट्टी लावून काही मोजू नकोस, साडेचारला विमानतळाच्या दारात उभी राहा म्हणजे झालं. बापाला घेऊन. तो टाय त्याच्या गळ्यात घाल. धुतला असशील तर ठीक, नसशील तरी चालेल.

मी कधी घराच्या छपरापेक्षा उंच गेलेली नाही. शेजारीण म्हणते, भीती वाटली तर एक घोट घे. ती तिच्या घरची नवी दारू औषधाच्या बाटलीत भरून देणार आहे, आणि मी तो घोट घेणार आहे, एक नाही, दोन.

खाली उतरले की तिथं तुमच्या कारखान्यातले आपले लोक असतील, शनिवारी कुणी ना कुणी आपल्या माणसांना घ्यायला येतंच. त्या सगळ्यांसमोर बापाला म्हण, आईचं तोंड हुंग. आणि काय वास आला ते मोठ्यानं सांग. गप्प राहू नकोस म्हणावं. मी राहिले होते.

आजी झाफिरो